झोपडीचा बिल्ला की हॅरिसनचे टोकन? भोक असलेल्या एका पितळी तुकड्याविषयी विचारणा

हातमाग (सोलापूर) यांचा प्रश्न :

माझे थोरले चुलते १९५७ च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे काम करीत होते. ते वारल्यानंतर त्यांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. डब्यात गिरणीतला हजेरीचा पितळी बिल्ला, दोन-तीन पक्षांचे पत्र्याचे बिल्ले, मूठभर ढब्बू पैसे आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला एक पितळी तुकडा आहे. या तुकड्यावर झोपडीचे चित्र असल्यामुळे, आणि प्रजा समाजवादी पक्षाचे चिन्हही झोपडीच असल्यामुळे, आमच्या घरात आजवर त्याला ‘झोपडीचा बिल्ला’ असेच म्हटले गेले. गड्ड्याच्या यात्रेला जाताना तो कोणी गळ्यात घालायचा यावरून आम्हा भावंडांत भांडणेही झालेली आहेत.

मागच्या महिन्यात मी तो प्रथमच भिंगाखाली धरला, तेव्हा आमचा समज चुकीचा असल्याचे लक्षात आले. एका बाजूला लष्करी पोशाखातील एका गृहस्थाचे मुख आहे आणि भोवती इंग्रजीत मेजर जनरल डब्ल्यू. एच. हॅरिसन हे नाव व ९ फेब्रुवारी १७७३ ही जन्मतारीख आहे. दुसऱ्या बाजूला ओंडक्यांची झोपडी, तिच्याजवळ एक पिंप आणि ‘द पीपल्स चॉईस’, म्हणजे ‘जनतेची निवड’, असे शब्द आहेत. व्यास २४ मिलिमीटर भरला. काठाजवळ एक भोक आहे.

हा तुकडा मी शहरात भरलेल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याला दाखवला. त्याने भोक पाहताच, हा माल मोडीच्या भावाचा आहे असे सांगून तो परत केला. ओळखीच्या एका सराफाने तो दगडावर वाजवून पाहिला आणि आवाज बद्द येतो म्हणून तो ओतीव, अर्थात नकली असल्याचे मत दिले. या दोन्ही मतांत कितपत तथ्य आहे, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांमधील अशी टोकने गोळा करण्याची आता मला इच्छा झाली आहे. सोलापुरात बसून हे कितपत शक्य आहे आणि सुरुवात कोठून करावी, याबाबतही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

बंदा रुपया (सोलापूर) यांचे उत्तर :

आपल्या वर्णनावरून हा १८४० च्या निवडणुकीतील विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या प्रचाराचा तुकडा असावा. प्रत्यक्ष न पाहता खरेखोटेपणाविषयी अंतिम मत देणे योग्य होणार नाही, परंतु आपल्याला मिळालेली दोन्ही कारणे लंगडी आहेत, एवढे आजच सांगता येईल.

प्रथम भोकाविषयी. नाण्यांच्या संग्राहकाला भोक दिसले की तो मान फिरवतो, आणि नाण्यापुरते ते बरोबरच आहे, कारण नाणे चलनात फिरावे म्हणून पाडलेले असते आणि त्याला भोक पाडणे म्हणजे त्याचा उपयोग संपवून त्याचा दागिना करणे होय. आपला तुकडा नाणे नाही. त्या काळी कापडावर टोचायचे छापील बिल्ले नव्हते, त्यामुळे उमेदवाराचा पुरस्कार करू इच्छिणारा माणूस असा पितळी किंवा पांढऱ्या धातूचा लहान तुकडा फितीत किंवा दोऱ्यात ओवून कोटावर लावीत असे. काही तुकडे विकण्यापूर्वीच भोक पाडून किंवा कडी बसवून दिले जात आणि काहींना घेणाऱ्याने घरी खिळ्याने भोक पाडलेले असे. बिनभोकाचा तुकडा दिसायला अधिक नीटस असतो आणि त्याला पैसेही अधिक पडतात, हे मी नाकारत नाही, पण भोक असलेला तुकडा खराब झालेला नसून वापरलेला आहे. माझ्या संग्रहातील अशा नऊ तुकड्यांपैकी सहांना भोक आहे आणि ते मी जाणूनबुजून घेतले आहेत.

तेव्हा आता भोकच नीट पाहावे. भोकाच्या आतली भिंत बाकीच्या पितळेइतकीच काळवंडलेली असेल तर भोक जुने आहे. आतून चकचकीत असेल तर ते अलीकडचे आहे. भोकाच्या एका तोंडाशी धातू वर उठून कड तयार झाली असेल तर ते ठोकून पाडलेले आहे आणि कड ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूने खिळा आत गेला आहे. दोरा वर्षानुवर्षे एकाच जागी घासला असेल तर भोकाचा वरचा काठ किंचित ओढला गेलेला दिसतो. आणखी एक गोष्ट कृपया तपासावी, जिच्याकडे विक्रेते क्वचितच लक्ष देतात. तुकडा दोऱ्याने टांगला असता मुख सुलट राहते की झोपडी सुलट राहते की दोन्ही, हे पाहून येथे कळवावे.

आता आवाजाविषयी. रुपया वाजवून घेण्याची आपल्याकडील सराफांची रीत चांदीच्या जाड, अखंड नाण्यासाठी आहे. लहान, पातळ आणि त्यातून भोक असलेल्या पितळी तुकड्याच्या आवाजावरून तो ओतीव की ठशाने पाडलेला, हे ठरवणे मला धाडसाचे वाटते. त्यासाठी डोळ्यांचा उपयोग करावा. ओतीव नकलेची अक्षरे साबणासारखी गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, आणि काठावर सांध्याची रेषा किंवा ती घासून काढल्याची खूण असते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून अस्सलावरून साचा घेतलेली नक्कल अस्सलापेक्षा अंशाने लहान भरते. ठशाने पाडलेल्या तुकड्यात अक्षरांच्या कडा पार्श्वभूमीतून सरळ उभ्या राहिलेल्या दिसतात; झीज झाली तरी तो उभेपणा अक्षरांच्या मुळाशी टिकून राहतो.

वजनाविषयी आपण लिहिलेले नाही, आणि त्याने फारसे बिघडत नाही. ही सरकारी टांकसाळीतील नाणी नसल्याने त्यांचे ठरीव वजन नव्हते. गुंड्या आणि पदके करणारे कारागीर हाताला येईल त्या जाडीच्या पत्र्यावर ती पाडीत.

फळा आणि खडू (बार्शी) यांचे उत्तर :

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक असून संग्राहक नाही, तरीही झोपडीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्या घरात झालेला गैरसमज आणि १८४० मध्ये अमेरिकन मतदारांचा करून देण्यात आलेला समज यांत बरेच साम्य आहे.

हॅरिसन हे झोपडीत जन्मलेले नव्हते. त्यांचा जन्म व्हर्जिनियातील बर्कली या मोठ्या शेतमळ्यावरील वाड्यात झाला आणि त्यांचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक होते. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाल्टिमोर येथील एका वृत्तपत्राने वृद्ध हॅरिसनची टर उडवताना अशा अर्थाचे लिहिले की, त्यांना आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाचे एक पिंप आणि थोडेसे निवृत्तिवेतन द्या, म्हणजे ते उरलेले आयुष्य ओंडक्यांच्या झोपडीत सुखाने काढतील. हॅरिसन यांच्या व्हिग पक्षाने हीच टीका उचलून धरली. आमचा माणूस झोपडीतला, साधा, तुमच्या-आमच्यासारखा, आणि अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन मात्र ऐषारामात लोळणारे, असा प्रचार सुरू झाला; मिरवणुकांत चाकांवरच्या झोपड्या आल्या, पिंपे आली, आणि पितळेवर दोन्हींची चित्रे उमटली. आपल्या तुकड्यावरील ते पिंप त्या पेयाचे आहे. सैनिकी पराक्रम म्हणून ७ नोव्हेंबर १८११ रोजीच्या टिपेकनूच्या लढाईचा डांगोरा पिटला गेला आणि ‘टिपेकनू अँड टायलर टू’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली. टायलर हे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. हॅरिसन यांना निर्वाचक मंडळाची २३४ मते मिळाली आणि व्हॅन ब्यूरन यांना ६०. ४ मार्च १८४१ रोजी शपथ घेतलेले हॅरिसन ४ एप्रिल १८४१ रोजी वारले. तेव्हा ज्या माणसासाठी एवढे पितळ खर्ची पडले त्याची कारकीर्द एक महिन्याची होती.

व्हॅन ब्यूरन हरले ते मात्र केवळ झोपडीमुळे नव्हे, आणि संग्रह करू इच्छिणाऱ्याने हे जाणून घेणे आवश्यक आहे, कारण त्याच काळातील तांब्याच्या टोकनांचा एक मोठा वर्ग या कारणाभोवती उभा आहे. त्यांच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’च्या सनदेच्या नूतनीकरणाचे विधेयक नाकारले. पुढे १८३६ मध्ये सरकारी जमीन सोन्या-चांदीच्या नाण्यांतच विकावी असा हुकूम निघाला. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले, लोकांनी हाती असलेली नाणी दडवून ठेवली, आणि सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. ही उणीव खासगी कारखान्यांनी मोठ्या तांबड्या सेंटच्या आकाराची, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटरची टोकने पाडून भरून काढली. इंग्रजीत त्यांना ‘हार्ड टाइम्स टोकन’ म्हणतात. आपण त्यांना ‘मंदीची टोकने’ म्हणावे असे मी सुचवतो. हातात घेतल्यास ती आपल्या ढब्बू पैशाची भावंडे वाटतील.

या टोकनांवरची चेष्टा फार तिखट आहे. एकावर तिजोरीतून वर आलेले जॅक्सन एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पैशांची थैली घेऊन उभे आहेत आणि सर्व जबाबदारी आपली असल्याचे सांगत आहेत. दुसऱ्यावर पाठीवर तिजोरी घेऊन चाललेले कासव आहे. सरकारी पैसा बँकांबाहेर स्वतंत्र खजिन्यात ठेवण्याच्या व्हॅन ब्यूरन यांच्या योजनेवरचा हा शेरा होय. त्याच टोकनाच्या दुसऱ्या बाजूला गाढव असून, आपण आपल्या थोर पूर्वसूरीच्या पावलांवर पाऊल टाकून चालत आहोत, या व्हॅन ब्यूरन यांच्या उद्गाराचा त्यावर वापर केला आहे. आणि खोटे नाणे पाडल्याचा आरोप येऊ नये म्हणून काढलेली युक्ती तर पाहण्यासारखी आहे. खऱ्या सेंटवर असते तशाच पानांच्या वेटोळ्यात ‘वन सेंट’ हे शब्द ठळक घालून त्यांच्या वर ‘नॉट’ हा शब्द घातला आहे, आणि बाहेरच्या गोलातील शब्दांशी जोडून वाचले की संरक्षणासाठी कोट्यवधी, पण खंडणीसाठी एक सेंटही नाही, असे एक जुने राष्ट्राभिमानी वाक्य तयार होते. घाईत असलेल्या दुकानदाराने ते सेंट समजून घ्यावे आणि न्यायालयाने घोषणा समजून सोडून द्यावे, अशी ही सोय होती.

काटेकोर अर्थाने ही सर्व प्रचाराची टोकने नव्हेत, परंतु १८४० ची झोपडी आणि १८३७ चे कासव शेजारी ठेवले म्हणजे मतदार का चिडला होता ते एका दृष्टिक्षेपात कळते.

या विषयात आपल्या देशाचाही एक धागा गुंतलेला आहे. १८९६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी सोळास एक, म्हणजे सोळा भार चांदी बरोबर एक भार सोने, या प्रमाणात चांदीची नाणी अनिर्बंध पाडली जावीत अशी मागणी केली, आणि चलनाचा आधार सोनेच असावे असे म्हणणाऱ्या सुवर्णपक्षीयांनी त्यांची थट्टा करण्यासाठी बशीएवढी धातूची डॉलर-टोकने काढली. डॉलरमधील चांदीची किंमत तेव्हा सुमारे ५३ सेंटच होती, म्हणून काही टोकनांवर, उरलेल्या ४७ सेंटांसाठी आमची भिस्त देवावर आहे, अशा धर्तीची कोटी केलेली आढळते. चांदी इतकी का घसरली, याचे एक कारण मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत आहे. तोवर कोणीही चांदी घेऊन जावे आणि तिचे रुपये पाडून आणावेत अशी मुभा होती. हिंदुस्थान सरकारने २६ जून १८९३ रोजी ती बंद केली, चांदीचा भाव गडगडला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेनेही चांदीची सक्तीची सरकारी खरेदी थांबवली. सोलापुरातील संग्राहकाने १८९३ पूर्वीचा एक राणीछाप रुपया आणि ब्रायन यांच्या चेष्टेचे एक टोकन एकाच कप्प्यात ठेवले, तर त्या जोडीला अमेरिकेतील संग्राहकाच्या संग्रहाहूनही अधिक अर्थ येईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मुलाम्याचे काम (सोलापूर) यांचे उत्तर :

माझा व्यवसाय धातूला मुलामा देण्याचा असल्याने तेवढ्यापुरते लिहितो. मोठ्या सराफांकडे सोन्याचे कॅरेट तपासण्याचे क्ष-किरण यंत्र असते. त्यात हा तुकडा ठेवल्यास त्याला ओरखडाही न पडता तांबे आणि जस्ताचे प्रमाण कळेल. मात्र त्यातून धातू कळतो, वय कळत नाही. पितळ आजचेही असू शकते. यंत्र पृष्ठभागच वाचते, म्हणून वर मुलामा असल्यास आकडे फसवे येतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे, आणि हे मी हात जोडून सांगतो : तो घासू नका. घरातील वडीलधारी मंडळी दिवाळीपूर्वी चिंच, लिंबू आणि राख घेऊन बसली की पितळेचा कोणताही तुकडा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. आंबटाने पितळेचा वरचा थर जातो आणि खाली गुलाबी तांबे उघडे पडते; नंतर कितीही प्रयत्न केला तरी तो जुना तपकिरी रंग परत येत नाही. धूळ असल्यास स्वच्छ पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि पूर्ण कोरडे करावे. हिरवी भुकटी धरलेली असेल तर खनिज तेलाच्या थेंबाखाली ती मऊ होऊ द्यावी आणि बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने हलकेच काढावी. सुई लावू नये. रबरबँड आणि मऊ प्लॅस्टिकचे पाकीट दोन्ही टाळावे, कारण रबरातील गंधकाने धातू काळा पडतो आणि मऊ प्लॅस्टिक आपल्या उन्हाळ्यात घाम आल्यासारखे चिकट होऊन धातूला हिरवे करते. आमच्या शहरात एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. जाड सुती कागदाची पाकिटे आणि लाकडी कपाटातील खालचा कप्पा पुरेसा आहे.

हातमाग यांचे उत्तर :

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. तुकडा घासलेला नाही, परंतु गेल्या दिवाळीत तो थोडक्यात वाचला, हे खरे आहे. खरेदीविषयी कोणी अनुभव सांगितल्यास बरे होईल. शिवाय, हा तुकडा सोलापुरात आला कसा, याचे कुतूहल मला स्वस्थ बसू देत नाही. येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र एकोणिसाव्या शतकापासून होते. एखाद्या मिशनऱ्याच्या सामानातून तो आला असावा काय?

परदेशी पार्सल (पुणे, मूळ सोलापूर) यांचे उत्तर :

मिशनविषयीची शक्यता नाकारता येत नाही, पण ती चिठ्ठीवर लिहू नये. आपल्या चुलत्यांनी तो मुंबईच्या एखाद्या जुन्या बाजारात चार आण्यांना घेतलेला असणेही तितकेच संभवते. वस्तू कोठून आली याचा कागद असेल तर तो जपावा. नसेल तर सुरस कथा रचून ती वस्तूला चिकटवू नये. विक्रेते हेच करतात आणि कथेचे पैसे वेगळे लावतात.

खरेदीचा माझा अनुभव संमिश्र आहे. १८६० च्या निवडणुकीत पितळी कड्यात बसवलेली उमेदवारांची छायाचित्रे निघाली. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याचे तंत्र त्याआधी चारच वर्षांपूर्वी अमेरिकेत पेटंट झाले होते, त्यामुळे मतदाराला उमेदवाराचा खरा चेहरा छातीवर लावणे प्रथमच शक्य झाले. एका बाजूला अब्राहम लिंकन आणि दुसऱ्या बाजूला उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅनिबल हॅमलिन, वर टांगण्यासाठी भोक, अशी त्यांची घडण असते. डग्लस, ब्रेकिनरिज आणि बेल या अन्य तीन उमेदवारांचीही अशीच निघाली. मी एका परदेशी विक्रेत्याकडून लिंकन यांचा एक तुकडा बऱ्यापैकी किंमत देऊन घेतला. कडे जुने होते. आतले चित्र मात्र आधुनिक कागदी छपाईचे निघाले. चुंबक जवळ नेला असता तर पहिल्याच दिवशी कळले असते, कारण खऱ्या छायाचित्राचा पत्रा लोखंडाचा असल्याने तो चुंबकाला ओढ देतो आणि कागद देत नाही. ही तपासणी मी आठ महिन्यांनी केली. तोवर परत पाठवण्याची मुदत संपलेली होती.

परत पाठवण्याविषयी आणखी एक अडचण आहे, जी आपल्याकडील फार थोडे खरेदीदार विचारात घेतात. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परदेशातून जुना तुकडा मागवताना, तो आवडला नाही तर परत पाठवू, हे गृहीत धरू नये. आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. पार्सल येताना सीमाशुल्क भरावे लागते, आणि जाहीर केलेल्या किमतीवर अधिकाऱ्याचे समाधान न झाल्यास पावती दाखवावी लागते, म्हणून पावती नेहमी पूर्ण तपशिलाची मागावी.

अमेरिकेत १९७३ पासून एक कायदा आहे, ज्यान्वये राजकीय वस्तूच्या नकलेवर ती तयार केल्याचे साल आणि नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द कायमचा उमटवणे बंधनकारक आहे. म्हणून काठावर किंवा कोपऱ्यात घासल्याचे दिसले की, ही सक्तीची खूण घासून काढली असावी, असा संशय माझ्या मनात प्रथम येतो. परंतु खूण नाही म्हणजे वस्तू अस्सल, असा उलटा निष्कर्ष काढू नये. कायदा न मानणारे कारखाने जगात पुष्कळ आहेत.

सुरुवात स्वस्तातून करावी. मंदीची टोकने विपुल पाडली गेली होती आणि मध्यम स्थितीतील तुकडे आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. लिंकन या नावाला मात्र चौपट गिऱ्हाईक आहे आणि त्यामुळे नकलाही चौपट आहेत. हेन्री क्ले, झॅकरी टेलर, विनफिल्ड स्कॉट असे हरलेले-जिंकलेले पण आज फारसे कोणाच्या लक्षात नसलेले उमेदवार घ्यावेत. कारागिरी तीच, गर्दी कमी. १८९६ ला थांबावे, असे माझे मत आहे. त्या वर्षी न्यू जर्सीतील नेवार्क येथील व्हाइटहेड अँड होग या कारखान्याचे, सेल्युलॉइडच्या आवरणाखाली रंगीत कागद असलेले पिनेचे बिल्ले बाजारात आले आणि धातूच्या टोकनांची सद्दी संपली. त्यानंतरचा संग्रह कागदाचा आहे.

बंदा रुपया यांचे उत्तर :

वरील मताशी मी एक बाब वगळता सहमत आहे. प्रत्येक उमेदवाराचा एकेक तुकडा गोळा करण्याची हौस नवीन माणसाला फार लवकर थकवते आणि बाजार ती हौस ओळखून असतो. एक चिन्ह धरावे. झोपडी धरल्यास आपल्याला १८४० नंतर थेट १८८८ ला जाता येईल, कारण त्या वर्षी हॅरिसन यांचे नातू बेंजामिन हॅरिसन उभे राहिले आणि आजोबांची झोपडी पुन्हा बाहेर काढण्यात आली. सूचीसाठी, अशा प्रचार-टोकनांची सूची करणारे जे. डॉयल डेविट यांची क्रमांकपद्धती सर्वत्र वापरली जाते. तीत उमेदवाराची आद्याक्षरे, निवडणुकीचे साल आणि अनुक्रमांक असतो. विक्रेत्याने हा क्रमांक दिला नसेल तर मागावा, आणि दिला असेल तर छायाचित्राशी ताडून पाहावा, कारण चुकीचा क्रमांक बेधडक लिहिणारे बरेच आहेत.

टांगून पाहिल्याचा निकाल आपण अद्याप कळवलेला नाही.

हातमाग यांचे उत्तर :

विलंबाबद्दल क्षमस्व. नातवाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा दोन संध्याकाळ पाहिला. अक्षरांच्या कडा मुळाशी सरळ उभ्या आहेत, बारीक खड्डे कोठेही नाहीत, काठावर सांधा किंवा घासल्याची खूण नाही. सराफाने मेहेरबानीने यंत्रात ठेवून दिला. तांबे आणि जस्त सोडून नाव घेण्यासारखे काही निघाले नाही, आणि आपण ‘नकली’ हा शब्द मागे घेतो, असे त्याने स्वतःहून सांगितले.

भोकाची आतली भिंत काळी आहे. मुखाच्या बाजूला धातूची उठलेली कड बोटाला लागते, म्हणजे खिळा झोपडीच्या बाजूने ठोकला गेला. भोकाचे स्थान झोपडीच्या छपरावर अगदी मधोमध आहे. दोऱ्याने टांगल्यावर झोपडी सरळ उभी राहते आणि फिरवून पाहिले असता हॅरिसनसाहेब डोके खाली, खांदे वर असे लोंबकळतात.

यावरून काय समजावे?

बंदा रुपया यांचे उत्तर :

दोन्ही बाजू अमेरिकन नाण्यासारख्या परस्परांच्या उलट पाडलेल्या आहेत, त्यामुळे टांगताना कोणती तरी एकच बाजू सुलट राहणार होती आणि कोणती, हे भोक पाडणाऱ्याला ठरवावे लागले. आपला भोक पाडणारा कोणत्या देशातला आणि कोणत्या सालातला, हे सांगता येणार नाही, पण त्याने झोपडी समोर ठेवून खिळा ठोकला आणि उमेदवाराला उलटे टांगले. छपराचा मध्य साधण्याची त्याने काळजी घेतली आहे, तेव्हा हे चुकून झालेले नाही.

सूचीत मुखाची बाजू दर्शनी मानतात. आपण कप्प्यात मात्र झोपडी वर ठेवावी. चिठ्ठीवर एवढेच लिहावे : ‘विल्यम हेन्री हॅरिसन, अध्यक्षीय निवडणूक १८४०. पितळ, २४ मिलिमीटर. झोपडीच्या बाजूने हाताने पाडलेले जुने भोक. झोपडी दर्शनी ठेवून वापरलेला. सोलापूर येथे चुलत्यांच्या डब्यातून, प्रजा समाजवादी पक्षाच्या बिल्ल्यांसोबत मिळाला.’ काळा दोरा काढू नये, तो वेगळ्या पाकिटात त्याच कप्प्यात ठेवावा.